हिल स्ट्रीटची थीम म्हणे लिफ्टमधलं संगीत!

खडूसकाका: काल इथे कोणीतरी ठोकून दिलं की 'हिल स्ट्रीट ब्लूज' या जुन्या अमेरिकन पोलिसी मालिकेची थीम, म्हणजे सुरुवातीची धून, लिफ्टमध्ये वाजणारं संगीत आहे, पोलिसी मालिकेची खरी थीम एकच, 'हवाई फाइव्ह-ओ'ची. वाचून चहा गार झाला. अहो गॅरेजचं दार वर जातं, गाड्या सुसाट सुटतात आणि त्यावर संगीतकार माइक पोस्टचा तो मऊ पियानो, वाटतं दमलेली माणसं परत ड्युटीवर निघालीत. तीच तर मालिका आहे! १९८१ ला बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या यादीत, ही थीम दहाव्या नंबरपर्यंत गेली, ग्रॅमी पण मिळालं. लिफ्ट म्हणे.

लाटवाला: मीच लिहिलं होतं आणि परत लिहीन. नंबरच काढताय तर व्हेंचर्स बँडनी वाजवलेली फाइव्ह-ओ १९६९ ला चौथी होती, काका, दहाच्या वर चार येतो ना? सुरुवातीचा ड्रम, ती उसळणारी लाट, बाल्कनीत गर्रकन वळणारा हिरो जॅक लॉर्ड. किचनमधून माणूस धावत येतो.

ट्रॉम्बोनची_आई: किचनमधून मी पळून जायचे. मुलगा इथे न्यू जर्सीत शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन, ते लांब पितळी वाद्य, वाजवायचा, तीन महिने फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी फाइव्ह-ओ, पॅ-पॅ-पॅ-पॅऽऽ-पॅ, शेवटचा सूर दरवेळी घसरलेला. कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या नाहीत. खालच्या आजी झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या, तेही तालात.

लाटवाला: बघा, पन्नास वर्षांनीही पोरं वाजवतात! हिल स्ट्रीट वाजवतं का कोणी मैदानात?

खडूसकाका: मैदानात वाजतं ते थोर, मग गणपतीतला डीजे भारतरत्न.

वरचा_मजला: थीम राहू दे, शिकणाऱ्या पोराला झाडू दाखवणारी ही कुठली माणसं? माझ्या तबल्यावर सोसायटीने मीटिंग घेतली होती, आणि त्यांची लग्नं रात्री बारापर्यंत चालतात ती चालतात.

ट्रॉम्बोनची_आई: आजींना बोलू नका हं, ८२ वर्षांच्या आहेत, आमचे डबे पण त्याच घ्यायच्या.

वरचा_मजला: मग छत का ठोकायच्या?

ट्रॉम्बोनची_आई: तुम्ही ऐकलंय का ते ट्रॉम्बोन? नाही ना, मग गप्प बसा.

निवांत: अहो आवाज दाबणारं म्यूट मिळतं ट्रॉम्बोनला, पुढच्या भोंग्यात खुपसायचं.

ट्रॉम्बोनची_आई: आता सांगताय! पोरगा कॉलेजात गेला.

खडूसकाका: माझा धागा कुठे नेलात रे. असो, काल दोन्ही लावून ऐकल्या. फाइव्ह-ओचा ड्रम बरा आहे. बरा म्हटलंय, नाचू नका.

लाटवाला: तुमचा पियानो पण वाईट नाही काका. झोप मस्त लागली.