चढताना इंजिनाचा दम जातो: घरी बांधलेलं अल्ट्रालाइट (अगदी हलकं) विमान, रोटॅक्स ४४७ इंजिन (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

टू-स्ट्रोक इंजिनांवर हात काळे केलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारते आहे. मी ओहायोत राहते. चार वर्षं गॅरेजमध्ये खपून किटवरून एक आसनी अल्ट्रालाइट बांधलं, कोल्ब फायरफ्लाय. अमेरिकेतल्या हवाई नियम १०३ प्रमाणे रिकामं वजन २५४ पौंडांच्या आत, पेट्रोल ५ गॅलन, आसन एकच. मग नोंदणी नाही, परवाना नाही, तपासणीही नाही. ऐकायला सोयीचं वाटतं, पण माझी चूक दाखवून देणारंही मग कोणी उरत नाही. जवळच्या विमानतळावरच्या मेकॅनिकने टू-स्ट्रोक म्हटल्यावर हात लावायलाच नकार दिला.

अडचण अशी. उड्डाणाआधी जमिनीवर पूर्ण थ्रॉटल देते, ६,२०० आरपीएम, काटा हलत नाही. वर गेल्यावर चाळीसेक सेकंदांत, साधारण ४०० फुटांवर, आवाज जड होतो आणि काटा हळूहळू ५,६०० वर येतो. त्याच वेळी मागच्या सिलिंडरच्या धुराचं तापमान १,१५० फॅरनहाइटच्या पुढे सरकतं (मर्यादा १,२००). थ्रॉटल कमी केलं की मिनिटभरात सगळं पूर्ववत. तिन्ही उड्डाणांत हेच. खाली मका आता डोक्याएवढा झालाय, तिथे धड उतरता येणार नाही. तिसऱ्या वेळी वळून धावपट्टीवर आले तेव्हा हातमोजे आतून ओले झाले होते. तेव्हापासून विमान बांधून ठेवलंय.

प्लग बदलले (जुने पांढरट पडले होते), मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) साफ केला, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं आहे, फिल्टर नवा. तेल ५०:१, पेट्रोल बिनइथेनॉलचं. हिवाळ्यात मोठं काम एकच केलं होतं: जुन्या, कडक झालेल्या नळ्या काढून सगळीकडे मऊ पारदर्शक नळी घातली, आणि हात पोचावा म्हणून पेट्रोलचा पंप खाली घेतला.

माझ्या या टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की पिस्टन तापतो आणि कोरडाही पडतो, एवढं मला कळतं. मेन जेट एक नंबर मोठा घालू का?

प्रतिसाद:

ताई, जेटला हात लावू नका, आणि कारण सापडेपर्यंत उडू नका. मी मालवणला बोटींची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो, त्यातलाच हा प्रकार वाटतोय. तुमचा पंप क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातल्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो. ते ठोके पंपापर्यंत आणणारी नळीसुद्धा मऊच घातलीत का? मऊ नळी दर ठोक्याला फुगते, ठोका नळीतच जिरतो. तापली की आणखी मऊ. त्यात पंप खाली नेलात, म्हणजे ती लांब झाली आणि खालच्या बाकात तेल साचत असणार.

जमिनीवर पूर्ण थ्रॉटल किती वेळ देता? तेवढ्यापुरतं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वाटीत असतंच. पंप खर्चापेक्षा कमी भरत असला तर वाटी उतरायला वेळ लागतो, तेच तुमचे चाळीस सेकंद. शेपटी झाडाला पक्की बांधा, पंख्याजवळ कोणाला येऊ देऊ नका, आणि सलग तीन मिनिटं चालवून बघा.

धागाकर्तीचं उत्तर:

दादा, नळी काढली. ७० सेंटिमीटर भरली, आणि बाकातून चमचाभर निळं तेल निघालं. दोन बोटांत धरली तर लगेच चपटी होते. जमिनीवर मी १५ सेकंदच देत होते. पंप परत वर इंजिनाजवळ नेते आहे, ठोक्यांची नळी वीतभर आणि जाड कडक रबराची घालते. शनिवारी शेपटी बांधून चालवेन आणि आकडे इथेच लिहीन. एक विचारायचं राहिलं: पंपातला पडदा किटबरोबर आलेलाच आहे, चार वर्षांचा. पंप उघडतेच आहे तर तोही बदलू ना?