मदत हवी आहे: सेक्रेटेरिएटच्या मुली आणि 'मोठ्या हृदया'चं जनुक

सेक्रेटेरिएट या अमेरिकेतल्या शर्यतीच्या घोड्यावर (जन्म १९७०, बोल्ड रूलर आणि समथिंगरॉयलचा मुलगा) लेख लिहितोय, पैदाशीच्या भागात अडकलोय. शर्यतींचं लिहून झालंय: २१ पैकी १६ विजय, १९७३ ची ट्रिपल क्राऊन (एकाच मोसमात तीन ठरलेल्या मोठ्या शर्यती जिंकणं), त्यातल्या शेवटच्या बेलमाँटला ३१ लेंग्थचं (घोड्याच्या लांबीच्या ३१ पट) अंतर.

रायझन स्टारसारखे अपवाद सोडले तर मुलगे बापाच्या तोडीचे निघाले नाहीत. मुलींनी मात्र नाव राखलं: वीकेंड सरप्राइजच्या पोटी ए.पी. इंडी, टर्लिंग्वाच्या पोटी स्टॉर्म कॅट, असे नामांकित घोडे जन्मले. म्हणून, त्याच्या वेगाचं कारण मानल्या जाणाऱ्या मोठ्या हृदयाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि बापाकडून फक्त मुलींना मिळतं, असं सगळीकडे छापलेलं सापडतं. मला हे जरा जास्तच सोयीचं वाटतं. त्याचं हृदय दहा किलोचं होतं हासुद्धा शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा अंदाज. वजन केलंच नव्हतं!

वंशावळी ताडून झाल्या. ओळखीच्या पशुवैद्यांना विचारलं, पण त्यांचा सगळा अनुभव गाईम्हशींचा. लोकप्रिय लेखांच्या लिंका नकोत, इंग्रजी शोधनिबंध चालेल.

थरोब्रेडची (शर्यतीच्या घोड्यांची जात) हृदयं सोनोग्राफीने मोजून, मापं बापाकडून मुलग्यात आणि मुलीत वेगवेगळी उतरतात का, हे तपासलेला अभ्यास कुणाला माहीत आहे का?