मदत हवी आहे: फुकट उतरवून घेणारे मिळाले, वाचणारे कुठे भेटतील?

मंडळी, जरा अडलंय. गेल्या वर्षी माझी रहस्यकादंबरी मी स्वतःच ॲमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक म्हणून काढली. त्यांच्या सिलेक्ट योजनेत घातली, म्हणजे 90 दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही द्यायचं नाही आणि त्यातले 5 दिवस ते फुकट ठेवता येतं. मी पाचही दिवस सलग वापरून टाकले. 612 जणांनी पुस्तक उतरवून घेतलं आणि मी हवेत!

पुढच्या दोन महिन्यांत अभिप्राय आले तीन. त्यातले दोन चुलतभावांचे, तेही काढले गेले. (नात्यातल्यांनी लिहायचं नाही असा नियमच आहे, मी वाचला नव्हता.) जाहिरातीत घातलेल्या पैशांबद्दल नको बोलायला.

मग मागच्या आठवड्यात एका अनोळखी बाईंचा मेल आला. 'चौथ्या प्रकरणात किल्ली कोटाच्या उजव्या खिशात ठेवली होती, अकराव्यात ती डाव्या खिशातून निघते. हा सुगावा आहे की चूक? दोनदा मागे जाऊन वाचलं.' चूकच होती हो! पण कुणीतरी दोनदा मागे जाऊन वाचलं! बायकोला तो मेल मी तीनदा वाचून दाखवला.

तर असे वाचक आणखी कसे शोधायचे? केविन केलीचा 2008 चा 'हजार सच्चे चाहते'वाला लेख वाचलाय (कलावंताचं पोट भरायला हजार पक्के चाहते पुरतात असं म्हणणारा), मला सध्या दहा मिळाले तरी पुष्कळ. आणि बाईंना अजून उत्तर दिलेलं नाही. अभिप्राय मागायचा तर लाचारी वाटते. काय लिहू?

प्रतिसाद १

आधी त्या ताईंना उत्तर द्या, आजच. चूक सरळ कबूल करा, ई-पुस्तकाची फाइल बदलता येते, बदललीत की तेही कळवा. आणि पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचलं कसं ते नक्की विचारा. मी माझ्या पहिल्या वीसेक वाचकांना हेच विचारलं होतं. निम्म्याहून जास्त एकाच वाचनगटातले निघाले, आणि असा गट आहे याचा मला पत्ताच नव्हता! तिथे गेल्यावर पहिले तीन महिने मी फक्त इतरांच्या पुस्तकांवर गप्पा मारल्या. माझं नाव तिथल्याच एकाने काढलं.

612 चं सोडून द्या. फुकट दिसलं की उतरवायचं आणि विसरायचं, आपणही तेच करतो. खरी गोम अशी की विकणारं संकेतस्थळ लेखकाला वाचकाचा मेलचा पत्ता देत नाही. म्हणून कथा संपते त्याच पानावर, खाली, दोन ओळी आणि तुमचा पत्ता टाका. तेव्हाच वाचकाला बोलावंसं वाटत असतं.

अभिप्राय मागण्यात लाचारी कसली? फक्त बदल्यात काही देऊ नका. पुढच्या पुस्तकाची प्रत आधी पाठवली तरी लिहिण्याची अट घालू नका. मी तर त्या ताईंना कच्चा खर्डाच वाचायला दिला असता.

धागाकर्ता

मेल पाठवला, अर्ध्या तासात उत्तर! पुस्तक त्यांना बहिणीने सुचवलं होतं. पत्ता ऋणनिर्देशाच्या पानावर सापडला म्हणे, जे पान कुणी उघडत नाही अशी माझी खात्री होती. खर्डा वाचायला तयार आहेत, पण आधी सतराव्या प्रकरणातल्या घड्याळाबद्दल त्यांना काही विचारायचंय.