मदत हवी आहे: गवत न उपटता जमिनीवरच्या आमरीचा (ऑर्किडचा) फोटो कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची, दांडियाबाजारात राहते. पावसाळ्यात सवड मिळाली की आम्ही जांबुघोडा अभयारण्यात जातो, इथून साधारण ७० किलोमीटर. उन्हाळ्यात झाडांवर रास्ना, म्हणजे वांडा टेसेलाटा, फुलते तेव्हा फोटोला त्रास पडत नाही. फूल उंचावर, मागे आभाळ. अडतं ते जमिनीवरच्या आमरींपाशी.

पायवाटेच्या कडेला सागाखाली दरवर्षी हॅबेनारिया येते. माझ्या अंदाजाने प्लॅन्टाजिनिया: पानं तळाशी, जमिनीला टेकलेली. वितीएवढा दांडा, पांढरी फुलं, ओठाच्या (खालच्या मोठ्या पाकळीच्या) दोन्ही बाजू पंख्यासारख्या पसरट आणि कडेला दातेरी. मागे लांब हिरवट शुंडिका, म्हणजे मधाची नळी. मागून उजेड आला की शुंडिकेत मध कुठवर भरलाय ती रेघ स्पष्ट दिसते. मला फोटोत ती रेघ हवी आहे.

माझ्याकडे १०० मिमी मॅक्रो (जवळून फोटो काढायची लेन्स) आहे. छिद्र लहान, म्हणजे एफ ११, ठेवलं तर मागचं गवतही शार्प येतं आणि फूल त्यात हरवतं. छिद्र मोठं, एफ ४, केलं की गवत विरतं, पण शुंडिकाही विरते. सागाखाली अंधार, त्यात पांढऱ्या पाकळ्या जळतात. वाऱ्यामुळे स्टॅकिंगही, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडणंही, जमत नाही.

"आजूबाजूचं गवत काढून टाक, दोन मिनिटांचं काम," असं बरेच जण सांगतात. ते मला करायचं नाही. आमरीच्या बारीक बियांत अन्नसाठाच नसतो, मातीतली योग्य बुरशी मिळाली तरच त्या रुजतात. म्हणजे फुलाभोवतीच्या त्याच हातभर मातीत पुढची रोपं असू शकतात, अजून वर न आलेली. शिवाय गवत गेलं की झाड उघडं पडतं, मग गुरंही तोंड घालतात आणि कंद उकरणाऱ्यांनाही ते सापडतं.

कशालाही हात न लावता हे जमवणारं कोणी आहे का इथे?

रानवाट: ताई, ओठ आणि शुंडिका एकाच फोटोत बसवायचा हट्ट सोडा. ओळख पटवायला तसेही तीन फोटो लागतात: समोरून ओठ, बाजूने शुंडिका, आणि तळच्या पानांसकट अख्खं झाड. बाजूचा फोटो घेताना सेन्सर शुंडिकेला समांतर धरा, एफ ८ सुद्धा पुरतं. गवतासाठी मॅक्रोऐवजी ३०० मिमी वापरून बघा. कोन अरुंद असल्याने मागचा अगदी थोडा भाग फ्रेममध्ये येतो. वाटेवरच अर्धं पाऊल सरकलात तरी मागे गवताऐवजी सावली येते. ट्रायपॉड नको, बीनबॅग बरी. टेकवण्याआधी खाली रोप नाही ना, तेवढं बघा.

सावलीउजेड: पांढऱ्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे पाऊण ते एक (फोटो थोडा गडद) आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल. अंधारी फ्रेम बघून कॅमेरा उजेड वाढवतो, म्हणून पाकळ्या जळतात. मधाच्या रेघेसाठी छोटा एलईडी शुंडिकेच्या मागे हातात धरा. वारा पहाटे कमी असतो.

कंदमूळ: जीपीएस बंद करूनच फोटो काढा आणि धाग्यावर टाकताना वाटेच्या खुणा कापा. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपोआप धूसर होतं, बाकीच्यांचं आपल्याला स्वतः करावं लागतं. आणखी एक, अभयारण्यात फोटोसाठी प्रवेशाची परवानगी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली मिळते. दिवे वगैरे नेणार असाल तर वनखात्याला आधीच विचारा.

धागाकर्ती: मनापासून आभार. समांतर धरायचं डोक्यातच आलं नव्हतं. ७०-३०० घरात आहे. त्यावर एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी) लावू का? १२ मिमी की २५?

रानवाट: ट्यूब नको. ३०० वर २५ मिमीच्या ट्यूबने मोठेपणात (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या फुलाच्या किती पट, त्यात) जेमतेम ०.०८ ची भर पडते. त्यापेक्षा पुढे अधिक २ डायॉप्टरची (भिंगाच्या ताकदीचं माप) क्लोजअप लेन्स लावा, दोन भिंगांची घ्या. फोकस अनंतावर असताना अर्ध्या मीटरवरून साधारण ०.६ पट मिळेल. अख्ख्या तुऱ्यासाठी ती काढून ठेवा, नुसती ७०-३०० पुरेशी आहे.