अकरा आठवड्यांची 'तांबी': तलंग (अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी) की कोंबडा?

अंगणवाली:
एकाच दिवशी अंड्यातून निघालेली पाच पिल्लं आमच्या परसात वाढतायत, आज अकरा आठवडे झाले. चौघींबद्दल शंका नाही. पाचवी तांबी. तिचा तुरा सातव्या आठवड्यातच लाल व्हायला लागला, आता लालभडक आहे. बाकीच्यांचे अजून फिकट पिवळट. पाय जाड. खुट्ट झालं की चौघी पळतात, ही मान उंच करून जागच्या जागी उभी राहते. पण अजून एकदाही आरवलेली नाही, शेपटीचं पीसही वाकलेलं नाही. शेजारी तान्हं बाळ आहे, त्यामुळे पहाटेचं आरवणं इथे चालायचं नाही. कोंबडाच निघाला तर त्याच्यासाठी चांगलं घर वेळेत शोधायला हवं. माझा फार जीव आहे तिच्यावर, म्हणून खात्री करून घ्यायची आहे.

नवखा_पाळक:
पाय धरून उलटं टांगायचं, मान वर उचलली की कोंबडा, असं ऐकलंय. करून बघा.

जुनं_खुराडं:
कृपा करून असं करू नका. त्यातून नर-मादी काही कळत नाही, पाखरू मात्र घाबरतं.

ताई, नुसत्या तुऱ्यावरही जाऊ नका. मी एकदा गेलो होतो. लवकर लाल झालेली एक तलंग कोंबडा समजून देऊन टाकली, आणि दोन महिन्यांनी तिने नव्या घरी अंडं घातलं. ती चूक मला अजून बोचते. लवकर वयात येणाऱ्या तलंगांचा तुराही लवकर लाल होतो. आरवण्याचंही तसंच, कुणी दोन महिन्यांचा असताना सुरू करतो, कुणी चार-पाच महिने गप्प राहतो.

बघायची ती कंबर. पाठ संपून शेपटी सुरू होते, तिथे दोन्ही बाजूंची पिसं. तलंगेचं पीस टोकाला गोल असतं. नराचं लांब, अरुंद, टोकदार, आणि कडेचे तंतू सुटे असल्यामुळे चकचकीत दिसतं. मादीच्या अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे पीस गोल येतं, ते नसलं की टोकदार. पिल्लाची पहिली पिसं मात्र दोघांची सारखीच असतात, त्यामुळे आठव्या आठवड्यात बघून उपयोग नसतो. तुमची वेळ आता आलीच आहे. फक्त सीब्राइटसारख्या काही जातींत नराची पिसंही मादीसारखी गोल असतात, तिथे ही खूण चालत नाही.

पट्टेरी:
जात कुठली तेही सांगा. पट्टेरी प्लायमाउथ रॉक असेल तर रंगावरूनच कळतं. पट्ट्याचं जनुक झेड गुणसूत्रावर असतं. नराला दोन झेड, मादीला एकच, म्हणून नराच्या अंगावर पांढरा पट्टा रुंद आणि तो एकूण फिकट दिसतो.

अंगणवाली:
पट्टेरी नाही, साधी मिश्र जात आहे. पण दादा, तुम्ही सांगितलं तसं काल रात्री बघितलं. सगळ्या पेंगल्यावर तिला अलगद मांडीवर घेतलं, विजेरी लावली आणि कंबरेची पिसं फुंकर घालून बाजूला केली. वरची सगळी गोल होती. त्यांच्या खालून डाव्या बाजूला तीन नवीन आलीत, बुडाशी अजून पांढरी खोळ असलेली. खोळीबाहेर आलेला भाग भाल्यासारखा निमुळता आणि तांब्याच्या तारेसारखा चमकणारा. उजवीकडे तशीच दोन. बाकी चौघींनाही एकेक करून तपासलं, एकीलाही असं पीस नाही.

जुनं_खुराडं:
मग तो कोंबडाच, ताई. पण घाई नाही. आरवायला लागला तरी सुरुवातीचा आवाज घोगरा आणि अर्धवट असतो, तेवढ्यात घर शोधता येईल. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत पण कोंबडा नाही, अशांना आधी विचारा. दोन कोंबडे एका खुराड्यात गेले तर नवा मार खातो.

अंगणवाली:
उद्यापासूनच विचारायला लागते. नाव मात्र तांबीच राहू देत, हाकेला तो त्याच नावाने येतो.