मदत हवी आहे: गिटारच्या ट्रॅकवर तारांची 'चीं', चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) काम द्यायचंय

डिचोली_टेक
पाच गाणी चवथीच्या आधी पूर्ण करून द्यायची आहेत. गिटारच्या ट्रॅकवर कॉर्ड बदलताना तारांवर बोटं घासल्याचा 'चीं' असा आवाज येतो. हेडफोनवर अक्षरशः कानात टोचतो. ईक्यूने (ठरावीक स्वरपट्टा कमी-जास्त करण्याची सोय) ४ किलोहर्ट्झपाशी ६ डेसिबल कापून पाहिले. गिटार मेली, चीं तशीच राहिली. काय करू? आज रात्रीच बसायचंय, लवकर सांगा.

मांडवीपार
स्टीलच्या तारा की नायलॉन? नव्या की जुन्या? माइक कोणता, किती अंतरावर, तोंड कुठे? कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा) आहे का, आणि कुठे? एवढं कळल्याशिवाय सगळे अंदाजच.

तारांची_पेटी
माइकबिइक नंतर. आधी तारा बदला. साध्या फॉस्फर ब्राँझच्या नव्या तारा सगळ्यांत जास्त ओरडतात, कारण जाड तारांवर गुंडाळलेल्या वेटोळ्यांच्या कडा अजून घासल्या गेलेल्या नसतात. एलिक्सिरची पॉलिवेब ही आवरणाची तार लावा. तिचं आवरण नॅनोवेबपेक्षा जाड आणि गुळगुळीत असतं, थोडी चमक जाते पण चीं निम्म्यावर येते. त्याहून शांत हवं तर दादारिओच्या फ्लॅट टॉप्स: वेटोळी गुंडाळून झाल्यावर वरून घासून सपाट केलेली असतात. आपल्याकडे पावसाळ्यात साध्या तारा आठ दिवसांत काळ्या पडतात आणि खरबरीत होतात, म्हणजे दुहेरी त्रास. आवरणाच्या तारांना तोही धोका कमी.

कुळागर
चीं म्हणजे तार फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) लागते ती का? मग ट्रस रॉड (मानेचा वाक बदलणारा आतला दांडा) बघून घ्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), सहावी तार चौदाव्यावर दाबायची आणि सातव्यापाशी फट मोजायची. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. कमी असेल तर रॉड सैल करायचा, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको.

मांडवीपार
कुळागर, तुम्ही म्हणता ती झणझण. ती स्वर वाजत असताना येते, चीं हात सरकताना येते. शिवाय दमट हवेत गिटारचं वरचं लाकूड फुगून तारा उंच होतात, त्यामुळे पावसात झणझण उलट कमीच असते. मोजमाप बरोबर आहे, पण प्रश्न वेगळा आहे.

काळी_चार
ईक्यू का चालला नाही ते सांगतो, म्हणजे पुन्हा तीच वाट धरणार नाही. चींचा स्वर एका जागी नसतो. चौथ्या तारेवरचं वेटोळं साधारण पाव मिलिमीटर जाडीचं. हात सेकंदाला १ मीटर वेगाने सरकला तर सेकंदाला ४,००० वेटोळी ओलांडतो, म्हणजे ४ किलोहर्ट्झ. वेग अर्धा झाला की २. सहाव्या तारेचं वेटोळं जाड, तिथे तोच वेग अडीचपाशी येतो. त्यात तारेच्या लांबीतून धावणाऱ्या कंपनांचा एक न हलणारा भागही मिसळलेला असतो. एका जागी खड्डा पाडलात तर सरकणारी चीं त्यातून निसटते आणि नखाचा आघात तेवढा कायम बुजतो, कारण तोही तिथेच राहतो.

डिचोली_टेक
स्टील, बारा नंबरचा सेट (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच), रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी बदललेल्या नव्या तारा. माइक बाराव्या फ्रेटसमोर, साधारण १० सेंटीमीटर. कॉम्प्रेसर आहे, ६:१. पण तारा बदलून काय होणार? रेकॉर्डिंग झालंय.

मांडवीपार
दहा सेंटीमीटर आणि बारावा फ्रेट म्हणजे डावा हात जवळजवळ माइकच्या तोंडात. वर नव्या तारा, वर ६:१. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढताहेत. पुन्हा वाजवून घ्या. माइक मान आणि अंग जुळतं तिथे, २५–३० सेंटीमीटर लांब, आणि तोंड ब्रिजकडे (तारा अंगावर अडकवतात ती पट्टी) तिरकं वळवा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक पाठीमागून सगळ्यांत कमी ऐकतो, तेव्हा डावा हात त्याच्या पाठीकडे पडला पाहिजे. तोंड भोकावर आलं तर खालचे स्वर घुमतात, ते टाळा.

तारांची_पेटी
आणि वादकाला सांगा, बोटं सरकवू नको, उचल. दाब सोडायचा, बोट तारेवरून सरळ वर, हात हलवायचा, मग खाली. आधाराला बोट ठेवायचंच असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या तारेवर, ती साधी असते, ओरडत नाही.

काळी_चार
सरसकट उचलायला सांगू नका. सगळी बोटं एकदम सुटली की मोकळ्या तारा बोलतात आणि चींच्या जागी भलताच स्वर येतो. तळहाताच्या कडेने किंवा एका सैल बोटाने तारा मिटलेल्या ठेवून मग हलायचं.

नारळी_पौर्णिमा
बोटांना थोडं खोबरेल लावून वाजवायला सांगा. स्वस्त आणि घरात असतंच.

तारांची_पेटी
कृपा करून खोबरेल नको. ते वेटोळ्यांच्या फटीत शिरतं, धूळ आणि घाम धरतं आणि दोन दिवसांत तार बद्द होते. पुढे तेल चिकट झालं की घर्षण वाढतंच. तारांसाठी मिनरल तेलाची कांडी मिळते, फास्ट-फ्रेट नावाची. ती एकदा फिरवून सुती कापडाने पुसायची. बोटांच्या घट्ट्यांना सुटलेल्या कडा असतील तर हजार नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करायच्या. कोरडी कड तारेवर करवतीसारखी चालते.

डिचोली_टेक
वादक जहाजावरच्या कामाला गेलाय. फेब्रुवारीत येईल. चार गाणी झालेली आहेत तशीच दुरुस्त करायची आहेत. पाचवं अजून व्हायचंय, ते दुसरा मुलगा वाजवणार.

मांडवीपार
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं हो. अर्धा धागा पुन्हा वाजवण्यावर गेला. आता सांगा: कॉम्प्रेसर रेकॉर्ड करताना मशिनमधून गेला की नंतर प्लगइन म्हणून टाकला? माइक एकच होता? आणि कॉर्ड कोणत्या, बारच्या (एक बोट आडवं ठेवून तारा दाबायच्या) की मोकळ्या?

डिचोली_टेक
प्लगइन. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. माइक दोन होते, दुसरा ब्रिजच्या मागे, पण त्याचा आवाज जाडा आला म्हणून म्यूट करून ठेवलाय. कॉर्ड सगळ्या बारच्या.

काळी_चार
म्हणजे कच्चा ट्रॅक शाबूत आहे, अर्धं काम झालं. कॉम्प्रेसर आधी बंद करा आणि मग ऐका. तो मोठे आघात १० डेसिबल दाबतो आणि तुम्ही सगळं १० डेसिबलने वर उचलता. कॉर्डच्या मधल्या फटीत दाबायला काही नसतं, तो सोडून देतो, आणि नेमकी तिथली चीं पूर्ण १० डेसिबल वर येते. म्हणून क्रम असा: आधी चीं कमी करायची, मग कॉम्प्रेसर, तोही २:१ किंवा ३:१, ३–४ डेसिबलपेक्षा जास्त न दाबणारा.

सूर_संपादक
एवढं कशाला? डी-एसर टाका, गाण्याच्या 'स'ला चालतो तसा इथेही चालतो. एक प्लगइन, चारही गाणी.

काळी_चार
'स'साठीचा डी-एसर ५ ते ८ किलोहर्ट्झ ऐकतो, चीं बहुतेक २ ते ५ मध्ये असते. खाली आणलात तर प्रत्येक आघातावर तो उडतो आणि स्ट्रमिंग लोकरीत गुंडाळल्यासारखं होतं. चीं आणि आघात यांत फरक मोठेपणाचा नाही, वेळेचा आहे. ते यंत्राला कळत नाही, तुम्हाला दिसतं.

सूर_संपादक
पूर्ण वेळ चालू ठेवा असं मी म्हटलंच नाही. टीडीआर नोव्हा फुकट मिळतो, डायनॅमिक ईक्यू (आवाज वाढला तरच कापणारा) आहे. एक बँड साडेतीन किलोहर्ट्झपाशी, क्यू (पट्टा किती अरुंद ते) २ च्या आसपास, जास्तीत जास्त ८ डेसिबल कापेल असा, आणि ऑटोमेशनने फक्त चींच्या जागी चालू. आता पटतंय का?

काळी_चार
तसं असेल तर पटतं. पण जागा हाताने शोधायच्याच आहेत, मग या ट्रॅकवर आवाजच खाली करणं सोपं. बार कॉर्डमध्ये हात सरकताना तारा जवळजवळ मिटलेल्या असतात, त्या फटीत चींशिवाय वाचवण्यासारखं काही नसतं. मोकळ्या कॉर्ड असत्या तर मागे स्वर घुमत असता, आवाज खाली केला की त्याच्यात खड्डा पडला असता. तिथे तुमचा डायनॅमिक ईक्यू योग्य.

डिचोली_टेक, रीपरमध्ये असं करा. ट्रॅकवर स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार वरचे-खालचे स्वर दाखवणारं) दृश्य लावा. चीं तिरक्या किंवा वाकड्या उजळ रेघेसारखी दिसते, आघात सरळ उभ्या भिंतीसारखा. चीं सहसा ५० ते २०० मिलिसेकंद टिकते. तिच्या दोन्ही टोकांना आयटम कापा, मधल्या तुकड्याचा आवाज ८ डेसिबलने खाली करा, दोन्ही जोडांवर ५–१० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक विरत जातो, दुसरा चढतो असा जोड). तुकड्याच्या शेवटचा काप पुढच्या आघाताच्या ५ मिलिसेकंद आधी संपला पाहिजे. तिथे चूक झाली तर कॉर्डचं तोंडच बोथट होतं, आणि 'गिटार ढिली वाटते' एवढंच ऐकू येतं, कारण सापडत नाही. पूर्ण शून्य करू नका. तिथली खोलीची हवाही जाते आणि प्रत्येक फट भोकासारखी कळते.

मांडवीपार
ब्रिजमागचा म्यूट केलेला माइक उघडा. त्याच्यात चीं खूपच कमी असणार, तो डाव्या हातापासून लांब आहे. जिथे चीं आहे तिथे बाराव्या फ्रेटचा माइक १२ डेसिबल खाली आणि ब्रिजचा चालू ठेवा. खोलीची हवा तशीच राहते, भोक पडत नाही. जाडेपणासाठी २०० हर्ट्झपाशी ३–४ डेसिबल कमी करा. दोन अटी. दोन्ही मध्यभागी पॅन असले पाहिजेत, नाहीतर दर कॉर्डला गिटार एका बाजूला उडी मारेल. आणि दोन्ही एकत्र लावून एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका, ज्या स्थितीत खालचा आवाज भरीव तीच ठेवा.

घुमटावर_थाप
चवथीची गाणी म्हणजे घुमट (मातीचं, एका तोंडाला चामडं लावलेलं वाद्य) असणारच. घुमटाला कुठला माइक लावलात? आमच्याकडे एका माइकने नीट येत नाही.

कुळागर
घुमटाला दोन लागतात, एक चामड्यासमोर, एक मागच्या मोकळ्या तोंडाशी. तिथला घुमारा तळहाताने उघडझाप करून बदलतो, तो पुढच्या माइकला कळतच नाही. मागच्याची पोलॅरिटी बहुधा उलटी करावी लागते. आणि घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आहे, हल्ली बकऱ्याचं असतं. ते दमट हवेत लवकर सैल पडतं, दर टेकपूर्वी शेकून घ्या.

डिचोली_टेक
घुमटाचं वेगळा धागा काढा ना, प्लीज. पहिल्या गाण्यात ४३ जागा सापडल्या. सगळ्या हाताने करायच्या का? आरएक्स (आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर) घेतलं तर?

सूर_संपादक
आयझोटोपने २०२० मध्ये आरएक्स ८ सोबत गिटार डी-नॉइज आणलं, त्यात चींसाठी वेगळा भाग आहे. काम चांगलं करतं. पण एलिमेंट्स ही स्वस्त आवृत्ती घेऊ नका, तिच्यात ते नाही. संवेदनशीलता वाढवलीत तर नखाचे आघात खायला लागतं. काढलेला भागच तेवढा ऐकायची सोय असते, त्यात ताल ऐकू आला की समजा जास्त झालं.

मांडवीपार
चार गाण्यांसाठी विकत घेऊ नका. ४३ पैकी सगळ्या करायच्याही नाहीत. गिटार सोलो करून जागा मोजल्यात ना? घुमट, शामेळ (तालाचं चर्मवाद्य), कांसाळें (झांजा) आणि आवाज लावून पुन्हा ऐका. कांसाळ्यांखाली बऱ्याचशा दिसेनाशा होतील. जिथे गायक श्वास घेतो किंवा फक्त गिटार आहे तिथल्याच करा. आणि रिव्हर्ब (घुमारा) ट्रॅकनंतर घेताय की आधी? सेंडवर (रिव्हर्बकडे जाणाऱ्या वाटेवर) गेलेली चीं दोन सेकंद घुमत राहते. रिव्हर्बच्या तोंडाशी ४ किलोहर्ट्झवर हाय-कट (त्यावरचे स्वर कापणारा) लावा.

डिचोली_टेक
कॉम्प्रेसर काढून, सगळं लावून ऐकलं. ४३ च्या ११ राहिल्या. ब्रिजच्या माइकवाली युक्ती ९ ठिकाणी चालली, २ ठिकाणी चीं थेट आघाताला चिकटलीय, वेगळी कापता येत नाही.

काळी_चार
त्या दोन ठिकाणी तीच कॉर्ड तोच ताल असलेली दुसऱ्या कडव्यातली जागा शोधा आणि तिथून अख्खी मात्रा उचलून चिकटवा. जोड आघाताच्या लगेच आधी घ्या, आघात जोड झाकतो. गाणं क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) वाजवलंय ना?

डिचोली_टेक
हो, क्लिकवर. दोन्ही बसल्या. देव बरें करूं. आता पाचव्याचं सांगा. गाणं काळी एकमध्ये (सी शार्प) आहे, मुलगा सगळ्या बारच धरतो, दुसऱ्या फ्रेटवरून चौथ्यावर आणि परत.

काळी_चार
काळी एक! हे कळलं असतं तर पहिल्याच उत्तरात कॅपो म्हटलं असतं. चौथ्या फ्रेटवर कॅपो आणि ए, डी, ई हे आकार. सरकणं जवळजवळ संपतं, कारण मोकळ्या कॉर्डला बोटं उचलावीच लागतात. एफ शार्प मायनरचा आकार तेवढा बारचा उरतो, तो वरच्या तीन तारांवर छोटा धरायचा. कॅपो फ्रेटला चिकटून लावा आणि लावल्यावर पुन्हा सूर जुळवा, कॅपो तारा ओढून स्वर चढवतो.

तारांची_पेटी
चौथ्यावर कॅपो म्हणजे गिटार पातळ वाजते, घुमटाच्या बाजूला तर हरवेलच. त्यापेक्षा सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा आणि डी, जी, ए आकार धरा, तेही काळी एकच होतं. बारा नंबरच्या तारा एवढं उतरणं आरामात सहन करतात.

काळी_चार
घुमटाच्या बाजूला पातळ असलेलीच बरी, खालची जागा घुमटाची आहे. पण उतरवूनही चालेल. फक्त आदल्या रात्री उतरवून ठेवा, नाहीतर टेकच्या मध्ये स्वर सरकत राहतील.

मांडवीपार
कुठलंही करा, तारा तीन-चार दिवस वाजवलेल्या असू देत. माइक ३० सेंटीमीटर, तोंड ब्रिजकडे. आणि एसी टेकच्या अर्धा तास आधी लावून मग बंद करा, घामट बोट चिकटतं.

डिचोली_टेक
कॅपोने करतोय, मुलाला ए, डी, ई येतात. शनिवारी रेकॉर्डिंग.

पेडणे_नायलॉन
माझ्याकडे नायलॉनच्या गिटारवर फक्त चौथी तार ओरडते, पाचवी-सहावी नाही. हे याच धाग्यात विचारू की वेगळा काढू?

तारांची_पेटी
इथेच विचारा. चौथीचं वेटोळं सगळ्यांत बारीक, म्हणून तिची चीं सगळ्यांत वरच्या स्वरात येते आणि टोचते. सेट कोणता लावलाय, आणि किती दिवसांपूर्वी?