छोट्या कॉलेजातला टाईट एंड पारखायचा कसा? हायलाइटमध्ये तर सगळेच भारी दिसतात

मिहान_नाइटशिफ्ट

राम राम मंडळी. मिहानमध्ये नाइट शिफ्ट आहे, टीम अमेरिकेतली, त्यांच्या नादानं तीन सीझनपासून एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, पाहून राहिलो. रविवारच्या मॅचेस आपल्याकडे रात्री १०:३० ला सुरू होतात, थंडीत तिकडची घड्याळं मागे गेली की ११:३० ला, म्हणजे आपल्यासारख्या घुबडांसाठी सोयीचंच.

आता मुद्दा. आमची ऑफिसची फॅन्टसी डायनेस्टी लीग आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम करायची, त्यांच्या खेळावर आपल्याला पॉइंट, खेळाडू एकदा घेतला की वर्षानुवर्षं आपलाच, आणि दर उन्हाळ्यात फक्त नव्या पोरांचा ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीनं निवड. माझ्याकडे यंदा तिसऱ्या आणि चौथ्या राउंडचेच पिक उरलेत, पहिले दोन मीच उत्साहात देऊन बसलो, ते दुःख वेगळं. तिथपर्यंत नावाजलेली पोरं सगळी गेलेली असतात. पण आमच्याकडे टाईट एंडच्या (लाइनच्या टोकाला उभा राहून ब्लॉक, म्हणजे समोरच्याला अडवणंही करतो आणि पासही झेलतो तो) कॅचला दीड पॉइंट आहे, बाकीच्यांना एक, म्हणून वाटलं की कोणीतरी छोट्या कॉलेजातला टाईट एंड उचलावा आणि दोन वर्षं सांभाळावा.

मागच्या वर्षी हेच केलं अन् तोंडावर पडलो. यूट्यूबवर अकरा मिनिटांचा व्हिडिओ, मागे काहीतरी धडाधडा वाजून राहिलं, पोरगा दर वेळी दोघांच्या मधून उडी मारून बॉल काढतो, मला वाटलं घबाड सापडलं. ऑगस्टमध्ये टीमनं त्याला काढून टाकला, प्रॅक्टिस स्क्वॉडवरही (सरावापुरती ठेवलेली राखीव पोरं) कोणी घेतला नाही, आणि लीगच्या ग्रुपवर अजून माझी खेचणं चालूच आहे.

तर विचारायचं हे की कॅच आणि यार्ड किती खरे मानायचे? ४० यार्डांच्या पळण्याचा टाइम पाहायचा की नाही? आणि पूर्ण मॅच पाहायला बसलो तर नेमकं पाहायचं काय?

तर्री_टचडाऊन

भाऊ पहिले तं तो हायलाइट बंद कर. त्यात बॉल पोराकडे येते तेवढंच दिसते, अन् टाईट एंडचं अर्ध्याहून जास्त काम बॉल दुसरीकडे असतानाच असते.

कोचचा हिशोब सोपा आहे. याले मैदानात ठेवला अन् रन (बॉल हातात घेऊन पळणं) आला, तं समोरच्या डिफेन्सिव्ह एंडले हा अडवन का नाही? नसन अडवत तं याले फक्त पासच्या टायमाले आत पाठवा लागते, अन् मग समोरच्या टीमले बी कळून जाते का आता पासच येणार. म्हणून ब्लॉक न येणारा नवीन पोरगा बेंचवरच बसते, कॉलेजात कॅच कितीही घेऊन आला असो.

मी कसा पाहतो ते सांगतो. पूर्ण मॅच लावायची, बॉलकडे पाहाचंच नाही, फक्त त्या एका पोराकडे पाहाचं. परवा असाच एक पाहून राहिलो होतो, नाव नाही सांगत, माझ्या लीगमधले दोघं इथंच वाचत बसते. उजव्या टॅकलच्या (लाइनमधला टोकाचा गडी) बाजूले हात जमिनीवर टेकवून उभा, अन् रन त्याच्याच अंगानं. स्नॅप (बॉल खेळात येणं) झाल्याबरोबर पहिलं पाऊल एकदम आखूड, वीतभर, बाहेरच्या बाजूले. कंबर खाली, दोन्ही हात आतून समोरच्याच्या छातीवर, अन् पाय चालूच. समोरचा त्याच्याहून जड होता, त्यानं याले दोन पावलं मागं रेटला बी, पण हा काही सुटला नाही, हळूहळू कंबर फिरवून मधात आला अन् रनरले वाट भेटली. चार यार्ड. कॉमेंट्रीवाल्यानं याचं नाव बी नाही घेतलं. मग पुढच्या खेपेले तसाच उभा, तेच आखूड पाऊल, समोरच्या लाइनबॅकरले वाटलं रनच आहे म्हणून तो पुढं धावला, अन् हा ब्लॉकचं सोंग सोडून त्याच्या मागं निघून गेला, आसपास कोणीच नाही, २६ यार्ड. हायलाइटवाल्यानं काय टाकलं असन? दुसरं. पण ते दुसरं पहिल्याच्या जिवावर झालं ना बे.

खराब नमुना बी ओळखता येते. पहिलं पाऊल लांब टाकते, मुंडी खाली घालून धडकाले जाते, समोरचा नुसता बाजूले सरकते अन् आपला गडी गवतावर.

अन् वीस स्नॅप मोज. किती वेळा हात जमिनीवर अन् किती वेळा बाहेर स्लॉटमध्ये (लाइनपासून दूर, रिसीव्हरसारखा) उभा, लिहून काढ. सगळेच्या सगळे स्लॉटमध्ये असन तं तो टाईट एंड नाही, जाडा रिसीव्हर आहे.

जुना_धरमपेठी

वरचं सगळं पटलं, फक्त इतिहासातली दोन-चार उदाहरणं जोडतो, कारण या पोझिशनवर मोठमोठ्या टीमचेही अंदाज फार चुकलेले आहेत.

एनएफएलमधल्या बाल्टिमोर रेव्हन्सचा २०१८ चा खरा ड्राफ्ट (टीम कॉलेजातली पोरं निवडतात तो) बघा. पहिल्या राउंडमध्ये २५ व्या नंबरवर हेडन हर्स्ट घेतला, त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या राउंडला ८६ व्या नंबरवर मार्क अँड्र्यूज. दोघेही टाईट एंड, एकाच टीमनं एकाच आठवड्यात निवडलेले. हर्स्ट आधी बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये जाऊन आला होता त्यामुळे ड्राफ्टच्या वेळी २४ वर्षांचा होता, अँड्र्यूज २२ चा. अँड्र्यूजनं २०२१ मध्ये १०७ कॅच आणि १,३६१ यार्ड काढले, हर्स्टला त्याआधीच दुसरीकडे पाठवून झालं होतं.

त्याहून जुनं, २००६, सॅन फ्रान्सिस्को. व्हर्नन डेव्हिस सहाव्या नंबरवर, ४० यार्ड ४.३८ सेकंदांत पळणारा, सगळ्यांच्या तोंडी नाव. त्याच ड्राफ्टमध्ये त्याच टीमनं सहाव्या राउंडला १७५ व्या नंबरवर सेंट्रल मिसुरी नावाच्या कॉलेजातला डेलनी वॉकर घेतला, जो कॉलेजात वाइड रिसीव्हर होता. डेव्हिस मोठा खेळाडू झालाच, त्यात वाद नाही. वॉकर सात सीझन त्याच्या सावलीत राहिला, मग टेनेसीला गेला आणि २०१५ मध्ये ३१ व्या वर्षी १,०८८ यार्ड. म्हणजे तुम्ही दोन वर्षं सांभाळायचं म्हणताय ना, ते कमीही पडू शकतात बरं का. बँकेत एफडी केल्यासारखं आहे हे, मध्येच मोडलीत तर काही मिळत नाही.

आणि आकड्यांचं म्हणाल तर जॉर्ज किटल. आयोवा काही छोटं कॉलेज नाही, पण किटलचे आकडे छोट्या कॉलेजातही कोणी विचारले नसते. सगळ्या वर्षांचे मिळून ४८ कॅच. पाचवा राउंड, १४६ वा नंबर, २०१७. दुसऱ्याच सीझनला १,३७७ यार्ड, तोवर कुठल्याच टाईट एंडनं एका सीझनमध्ये तेवढे केले नव्हते. आयोवामध्ये टाईट एंडला ब्लॉक शिकल्याशिवाय उभं करत नाहीत, आणि बॉल फारसा फेकतही नाहीत. कॅच कमी का, याचं उत्तर पोरात नसून कॉलेजच्या खेळण्यात असू शकतं.

वर्धारोड_एक्सेल

मी लीगमध्ये एकटीच मुलगी आहे आणि दोनदा जिंकलेय, सो ऐका जरा 😄

छोट्या कॉलेजांचे आकडे म्हणजे रणजीच्या प्लेट ग्रुपमधले रन. खोटे नसतात, पण समोर बॉलिंग कोणाची होती ते विचारायचं. विदर्भ प्लेटमध्ये होतं तेव्हा आपल्या पोरांना हेच ऐकावं लागायचं ना, मग २०१७-१८ आणि २०१८-१९ ला लागोपाठ रणजी घेतली तेव्हा सगळे गप्प झाले. तर नुसते यार्ड लिहू नका, त्याच्या टीमचे एकूण पासिंग यार्ड काढा आणि त्यातले याचे किती ते बघा. माझा स्वतःचा नियम असा की खालच्या पातळीवर खेळणारा पोरगा स्वतःच्याच टीममध्ये पाव हिस्सासुद्धा घेत नसेल तर वर जाऊन काय करणार. वरच्या मोठ्या कॉलेजांना हा नियम लावायचा नाही, तिथे बाकीचे रिसीव्हरही तगडे असतात, शिवाय किटलचं वर लिहिलंच आहे.

साउथ डकोटा स्टेटचं उदाहरण घ्या, एफसीएस म्हणजे खालच्या पातळीचं कॉलेज. डॅलस गोएडर्टनं तिथे लागोपाठ दोन सीझन हजारावर यार्ड केले, २०१८ मध्ये दुसऱ्या राउंडला ४९ व्या नंबरवर ईगल्सनं घेतला आणि चांगला निघाला. त्याच कॉलेजातून २०२३ मध्ये टकर क्राफ्ट, ७८ वा नंबर, पॅकर्स, दुसऱ्या सीझनला ७०७ यार्ड आणि ७ टचडाऊन. पण याची दुसरी बाजू म्हणजे डेटनचा अ‍ॅडम ट्राउटमन. डेटन तर अशा लीगमध्ये खेळतं जिथे खेळाची स्कॉलरशिपच देत नाहीत, तिथे तो सगळ्यांना पुरून उरत होता, आधी क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) होता म्हणून समजही चांगली, २०२० ला तिसऱ्या राउंडमध्ये सेंट्सनं घेतला. एनएफएलमध्ये टिकलाय, पण फॅन्टसीमध्ये त्यानं कोणाचं भलं केलेलं नाही. माझं तर नाहीच. तेव्हा मी दुसऱ्या राउंडचा पिक घातला होता त्याच्यावर.

आता खरी युक्ती. ही छोटी कॉलेजं सीझनमध्ये साधारण एकदा मोठ्या कॉलेजाकडे जाऊन खेळतात, मोठं कॉलेज त्यांना त्याचे पैसे देतं, बहुतेक वेळा मार खाऊन परत येतात. ती एक मॅच शोधा. स्कोअरकडे बघू नका, ५० नं हरले तरी चालेल. तिथे त्याला ब्लॉक करताना समोर उद्याचा एनएफएलवाला उभा असतो. प्लेटवाल्या बॅट्समनला मुंबईच्या बॉलिंगसमोर पाहिल्यासारखं.

अजून एक, वय. कोविडमुळे पोरांना एक वर्ष जास्तीचं मिळालं होतं आणि आता ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलायची सोय) चांगला खेळणारा पटकन मोठ्या कॉलेजात उडी मारतो. त्यामुळे पाचव्या-सहाव्या वर्षीही छोट्याच कॉलेजात असलेला, २४ वर्षांचा, १९ वर्षांच्या पोरांवर उड्या मारून कॅच घेणारा दिसला तर जरा सांभाळून.

फुटाळा_फ्लॅग

सगळं ठीक आहे पण तुम्ही लोक अ‍ॅथलीट हा मुद्दा विसरून राहिले. अँटोनियो गेट्स कॉलेजात फुटबॉल खेळलाच नाही, केंट स्टेटकडून बास्केटबॉल खेळायचा, २००३ ला कोणी ड्राफ्ट पण नाही केला, आज हॉल ऑफ फेममध्ये आहे, ११६ टचडाऊन. जिमी ग्रॅहम पण बास्केटबॉलवाला, कॉलेजात फुटबॉल एकच वर्ष. कुठला ब्लॉक अन् कुठला हिस्सा. उंची, उडी, हात लांब, बस. आपल्या खापरखेड्याचा उमेश यादव किती दिवस टेनिस बॉलनंच खेळत होता, २००८ ला विदर्भाकडून आला आणि २०११ ला टेस्ट. वेग होता म्हणून.

तर्री_टचडाऊन

गेट्सचं नाव निघणारच होतं 😂 भाऊ, गेट्स पाहून दर वर्षी बास्केटबॉलवाले आणते टीमा, त्यातले किती परत गेले ते कोणी मोजत नाही. उमेशचं म्हणशील तं उमेशले वेग होता हे खरं, पण तो विदर्भाच्या नेटमध्ये लाल बॉल टाकूनच वर गेला ना, टेनिस बॉलवर थोडीच टेस्ट भेटली.

अ‍ॅथलीट पाहाच, नाही कोण म्हणते. पण ४० यार्डांत पहिल्या १० यार्डांचा टाइम पाहा, टाईट एंड ४० यार्ड सरळ पळते कधी? अन् वजनासोबत पाहा. ११३ किलोचा ४.७ मध्ये पळाला तं ते १०४ किलोवाल्याच्या ४.६ पेक्षा मले जास्त आवडते.

वर्धारोड_एक्सेल

+१. आणि एक राहिलं होतं, खऱ्या ड्राफ्टच्या आधी कोणावर जीव लावू नका. तिसऱ्या राउंडच्या पोराला टीम दोन-तीन वर्षं चुका करू देते, सातव्या राउंडवाल्याला एकच ऑगस्ट महिना. तुमचा मागच्या वर्षीचा ड्राफ्ट झाला होता का?

मिहान_नाइटशिफ्ट

नव्हता झाला ताई 🙏 ड्राफ्ट संपल्यावर कोणत्यातरी टीमनं असाच बोलावून घेतला होता.

काल शिफ्ट नव्हती तर जखमेवर मीठ म्हणून त्याचीच एक पूर्ण मॅच काढली. वीस स्नॅप मोजले तर्रीभाऊनं सांगितले तसे. हात जमिनीवर तीन वेळा. तीन! त्यातल्या एका वेळी तो मुंडी खाली घालून गेला आणि समोरचा खरंच बाजूला सरकला, हा गुडघ्यावर, मी एकटाच खुर्चीत हसून राहिलो, आई उठून आली काय झालं म्हणून.

मग यंदाचा एक पाहिला, एफसीएसचाच. मोठ्या कॉलेजाविरुद्धची ती मॅच पण सापडली, वाईट हरले. कॅच दोनच, मिळून ११ यार्ड. पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे मॅच कधीचीच गेलेली असताना, त्याला पास वाचवायला आत थांबवलं होतं, समोरचा त्याच्या आतल्या खांद्यावरून घुसायला गेला आणि यानं पाय सरकवत त्याला क्वार्टरबॅकच्या मागून लांबच्या फेऱ्यानं नेला. पुढच्या स्नॅपला पण. त्याच्या पुढच्याला हरला, साफ हरला, सॅक झाला, म्हणजे क्वार्टरबॅक बॉलसकट पाडला गेला. तीनातून दोन. टीमच्या यार्डांत त्याचा हिस्सा काढला तर पावच्या जरासा वर येतो. वय २२. नाव नाही सांगत, तुम्हीच शिकवलंत.

एक शंका, लीगमध्ये टॅक्सी स्क्वॉडच्या तीन जागा आहेत, नवी पोरं तिथे ठेवली तर रोस्टरमध्ये मोजत नाहीत. तिथे दोन वर्षं ठेवू शकतो ना?

जुना_धरमपेठी

मग प्रश्नच मिटला, तिथेच ठेवा आणि विसरून जा. पहिल्या सीझनला चार कॅच आले तरी काढू नका, सॅम लापोर्टा किंवा ब्रॉक बॉवर्ससारखं पहिल्याच वर्षी ८६ नि ११२ कॅच घेणं हे अपवाद आहेत आणि ते तुमच्या चौथ्या राउंडला येणार नाहीत.

तर्री_टचडाऊन

अन् हे बी लक्षात ठेवजो, खऱ्या ड्राफ्टचा पहिला राउंड आपल्याकडे शुक्रवारी पहाटे ५:३० ले, दुसरा-तिसरा शनिवारी पहाटे ४:३० ले, पण चौथ्यापासून सातव्यापर्यंत शनिवारी रात्री ९:३० पासून. म्हणजे आपल्या लायकीची पोरं बरोबर जेवणं झाल्यावर येते. माझ्याकडे ये, कूलरची खस नवीन लावली. नाव तेव्हा टीव्हीवरच वाचू, तू नको सांगू.

मिहान_नाइटशिफ्ट

येतो. सावजी तुमच्याकडून, कूलरमध्ये पाणी मी भरतो.